विलायती बियाणं, देशी ऊन

बाल्कनीतल्या कुंडीत ‘वाला वाला’ कांदा लावायची हौस आहे? मग आधी घड्याळ बघा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा हा गोडसर कांदा दिवस १४ तासांच्या पुढे गेल्याशिवाय गड्डाच धरत नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. खत घाला, पाणी घाला, लाड करा. पात माजेल, कांदा पोसणार नाही. (पातीची भाजी मात्र झकास होईल!) उलटंही तसंच. आपला नाशिकचा कांदा आखूड दिवसांचा. तो इंग्लंडात वसंतात लावला, तर अंग धरायच्या आधीच गड्डा बांधायला घेतो आणि गोटीएवढाच राहतो.

न्यू जर्सीच्या परसात आपला गावठी वाल लावणाऱ्यांची वेगळीच गंमत. जून-जुलैत वेल मांडवभर पसरतो, पण फुलायचं नाव नाही. दिवस आखडला की मग त्याला जाग येते आणि शेंगा भरताहेत तोवर दहिवर पडून वेल करपतो.

टोमॅटोचं दुखणं उन्हाचं. पारा ३५च्या पुढे गेला की पराग कुचकामी ठरतात आणि फुलं गळतात. जी फळं धरतात, तीही तिशीपुढच्या उष्णतेत नीट लाल होत नाहीत, कारण लाल रंग देणारं लायकोपिन तयार होणंच मंदावतं. उपाय साधा आहे: फळाने रंग पालटायला सुरुवात केली की तोडा आणि घरात सावलीत पिकू द्या.

लेट्यूस तर भलतंच नाजूक. माती तापलेली असेल तर बी झोपूनच राहतं. शिवाय बहुतेक जातींना रुजायला उजेड लागतो. खोल पुरलंत की संपलं.

कोबी आपल्याकडे उत्तम होतो, पण घरचं बी धरायचा नाद सोडा. फुलोरा यायला त्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून त्याचं बियाणं हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार होतं. लांब दिवसांची त्याच्यावरची मेहेरबानी बघायची तर अलास्का गाठा. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य सुमारे १९ तास मावळत नाही. २०१२मध्ये पामरच्या जत्रेत एक गड्डा तब्बल ६२.७१ किलो भरला!

आणि बाजारातला आपला पालक? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो बीटाचा भाऊबंद. विलायती पालक वेगळा, आणि ऊन वाढलं की तो लगेच फुलोऱ्यावर जातो.

तेव्हा परदेशी बियाणं मागवताना पाकिटावरच्या चित्राला भुलू नका. कांद्याच्या पाकिटावर ‘शॉर्ट डे’ लिहिलंय का, ते बघा. लेट्यूस आणि विलायती पालक ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावरच पेरा.