लिंग, लिंगभाव आणि मर्यादा : एका शब्दाची तीन कामे

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास

- व्याकरणिक लिंग, शारीरिक लिंग आणि लिंगभाव यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल;
- मराठी वाक्यरचना बोलणाऱ्याचे लिंग कोठे उघड करते आणि कोठे करत नाही, हे दाखविता येईल;
- स्त्रियांसाठी राखीव किंवा स्वतंत्र असलेल्या जागांविषयीच्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे नेमक्या शब्दांत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील राजेगाव येथील ललित साळवे यांची नोकरी २०१० मध्ये बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून सुरू झाली.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'साळवे भरती झाले' असे लिहावे, तर त्या वेळच्या नोंदीशी ते जुळत नाही. 'साळवे भरती झाल्या' असे लिहावे, तर आज पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला आपण तिने मागे टाकलेली ओळख पुन्हा चिकटवतो. ही अडचण टाळण्यासाठी वरील वाक्यात 'नोकरी' हा कर्ता केला आणि क्रियापद त्याच्याशी जुळविले. मराठी लिहिणाऱ्याला अशी निवड पावलोपावली करावी लागते. वृत्तपत्राचा वार्ताहर, कार्यालयातील कारकून, न्यायालयातील अर्ज लिहिणारा, या सर्वांपुढे हाच प्रश्न असतो. म्हणून हा विषय समाजशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

२. मराठी वाक्य लिंग कोठे सांगते?

मराठीत नामाला तीन लिंगे आहेत, हे आपण शालेय व्याकरणात शिकलो. परंतु हे लिंग शरीरावरून ठरतेच असे नाही. 'व्यक्ती' हा शब्द पुरुषाबद्दल वापरला तरी 'ती व्यक्ती आली' असेच म्हणावे लागते. 'मूल' नपुंसकलिंगी आहे. म्हणून मुलगे व मुली एकत्र असतील तर 'मुले आली' असे आपण म्हणतो. 'महिला मंडळ' हा शब्दही नपुंसकलिंगीच. व्याकरणाचे लिंग ही शब्दांची वर्गवारी आहे, माणसांची नव्हे.

तरीही माणसाविषयी बोलताना ही वर्गवारी अंगाला येऊन भिडते. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापद स्वतःचे लिंग सांगत नाही. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतून एका स्वराच्या फरकाने बोलणाऱ्याची ओळख उघड होते. 'तू आलास', 'तू आलीस' यांतही तेच. मात्र सर्वत्र तसे होत नाही. 'मी भाकरी खाल्ली' या वाक्यात क्रियापद कर्माशी जुळते, त्यामुळे खाणारा कोण ते कळत नाही. 'मी येईन', 'आम्ही गेलो', 'तुम्ही आलात' हे प्रयोगही बोलणाऱ्याचे वा ऐकणाऱ्याचे लिंग सांगत नाहीत. ही पुस्तिका आपणाशी 'आपण' म्हणून बोलते आणि आपण स्त्री आहात की पुरुष हे न विचारताही ते साधते. आदरार्थी संबोधनात मराठीने ही सोय फार पूर्वीपासून ठेवली आहे.

तृतीयपुरुषात ही सोय संपते. 'ते आले' हे लेखी वाक्य एखाद्या आदरणीय पुरुषाबद्दल असू शकते आणि एखाद्या मुलाबद्दल किंवा वासराबद्दलही. बोलताना 'आले' आणि 'आलं' यांतून हा फरक स्पष्ट होतो. लेखनात तो पुसला जातो. त्यामुळे स्त्री किंवा पुरुष या दोन्ही ओळखी न मानणाऱ्या व्यक्तीसाठी 'ते' वापरावे, असे कोणी सुचविले तर दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना त्यात आदर दिसतो, काहींना माणसाला वस्तूच्या रांगेत बसविल्यासारखे वाटते. दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. म्हणून संबंधित व्यक्तीला काय चालते, हे विचारून लिहिणे हाच सभ्य मार्ग ठरतो.

३. 'लिंग' या शब्दाचे तीन अर्थ

मराठीत 'लिंग' हा एकच शब्द तीन कामे करतो. पहिले, व्याकरणातील वर्ग. दुसरे, शरीराची रचना. तिसरे, स्त्री किंवा पुरुष म्हणून समाजात वावरण्याची ओळख व भूमिका. तिसऱ्या अर्थासाठी स्त्री-अभ्यासकांनी 'लिंगभाव' हा शब्द रूढ केला. मुलीने घरकाम करावे, मुलाने शिकावे हे शरीर ठरवत नाही, समाज ठरवतो. हे सांगण्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज होती.

याच्या जोडीला आणखी काही शब्द आले. जन्मावेळी नोंदलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, अशा व्यक्तींसाठी 'पारलिंगी' हा शब्द वापरला जातो. ज्यांच्या शरीराची जन्मजात रचना स्त्री किंवा पुरुष या नेहमीच्या साच्यात पूर्णपणे बसत नाही, त्यांना 'आंतरलिंगी' म्हणतात. 'तृतीयपंथी' हा शब्द बोलीत अधिक रुळलेला आहे. त्यातील 'पंथ' शरीराकडे नव्हे तर जगण्याच्या वाटेकडे निर्देश करतो. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले, की वादाचा अर्धा गोंधळ तेथेच निर्माण होतो.

४. माजलगावचा अर्ज

आता साळवे यांच्या प्रकरणाकडे पुन्हा येऊ. नोकरीत असताना त्यांना आपल्या शरीरात वेगळे बदल जाणवू लागले. वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा आणि त्यानंतर पोलीस दलातच पुरुष म्हणून काम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. स्त्री व पुरुष शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष वेगवेगळे आहेत, ही प्रशासनाची मुख्य अडचण होती. पोलीस शिपाई पदासाठी उंचीची किमान अट पुरुषांना १६५ सेंटीमीटर, तर स्त्रियांना १५५ सेंटीमीटर आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ही सेवाविषयक बाब असल्याने न्यायालयाने त्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा मार्ग दाखविला. अखेर मे २०१८ मध्ये राज्य शासनाने परवानगी दिली आणि त्याच महिन्यात मुंबईतील सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. 'ललिता' या नावातील शेवटचा काना गेला, नोकरी राहिली.

बातम्यांनी या घटनेला 'लिंगबदल' म्हटले. हा शब्द येथे किती नेमका आहे? शरीरात जे आधीपासून होते, ते तपासणीने उघड केले. ज्याला 'बदल' म्हटले, तो बराचसा नोंदीतील बदल होता. उलट बाजूने प्रशासनाचा प्रश्नही निरर्थक नव्हता. स्त्रियांसाठी वेगळा निकष व राखीव जागा ठेवल्या, तर त्या कोणासाठी आहेत हे कोठे तरी लिहून ठेवावेच लागते. एका व्यक्तीची उपजीविका आणि एका नियमाचा हेतू, असे दोन्ही या अर्जात समोरासमोर उभे होते.

५. राखीव जागा कोणाची?

या प्रश्नाचे दुसरे रूप जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे दिसले. ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याच्या कारणाने तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय रद्द करून त्यांना स्त्री उमेदवार म्हणून लढू दिले आणि त्या निवडून आल्या. या निकालामागे सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निर्णय होता. त्यात स्वतःची लिंगभाव-ओळख ठरविण्याचा हक्क मान्य झाला होता आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही, असेही म्हटले होते. मात्र खंडपीठाने एक गोष्ट विशेष लक्षात घेतली : पुढे सोयीनुसार ओळख बदलणार नाही, ही अर्जदाराने दिलेली हमी. म्हणजे ओळख मान्य करतानाही राखीव जागेचा गैरवापर होऊ नये, ही काळजी न्यायालयाने सोडली नाही.

तिसरा मार्ग पोलीस भरतीत निघाला. ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष हे दोनच पर्याय होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशासकीय न्यायाधिकरणाने तृतीयपंथी उमेदवारांसाठी स्वतंत्र पर्याय देण्याचे आदेश दिले. शासनाने प्रथम उच्च न्यायालयात या आदेशाला आव्हान दिले. नंतर पर्याय देण्याची व शारीरिक चाचणीचे नियम करण्याची तयारी दर्शविली. येथे स्त्रियांची रेषा होती तेथेच राहिली आणि शेजारी आणखी एक रकाना आला.

६. 'स्त्री' हा शब्द का लागतो?

काही जण सुचवितात की शरीरवाचक 'स्त्री' हा शब्दच मागे घ्यावा. बीड जिल्ह्याकडे पाहिले तर त्यातील धोका लक्षात येतो. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या; हे राज्यातील सर्वांत कमी प्रमाण होते. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांना आपली ओळख सांगण्याची संधी मिळाली नव्हती. त्यांना नाकारले गेले ते केवळ शरीरावरून. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांच्या 'पिशवी काढण्याच्या', म्हणजे गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. तेव्हा जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही मोजणी शरीराच्या शब्दांशिवाय होऊच शकली नसती.

ऊसतोडीच्या भाषेत स्त्री आधीच झाकलेली आहे. मुकादम उचल देतो ती 'कोयत्याला'; एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. स्त्रीचे श्रम, तिची मजुरी आणि तिचे दुखणे या शब्दाच्या आत दिसेनासे होते. पाचटाच्या कोपीत राहणारी, आडोशाशिवाय आंघोळ करावी लागणारी स्त्री जेव्हा स्वतंत्र न्हाणीघर मागते, तेव्हा ती कोणाच्या ओळखीवर आक्षेप घेत नसते. सुरक्षिततेची व लाजेची किमान मर्यादा ती मागत असते. ही मागणी समजून घेतल्याशिवाय या वादातील एक बाजू आपणास कळणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या स्वच्छतागृहात किंवा रुग्णालयाच्या पुरुष कक्षात पाठविले, तर तेथे तिची सुरक्षितता कोण राखणार? मर्यादा ज्या भयासाठी आखली, तेच भय तिलाही आहे.

हा पेच इतरत्रही आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील २०१० च्या समानता कायद्यातील 'स्त्री' या शब्दाचा अर्थ शारीरिक लिंगावरून घ्यावा, असा एकमताने निर्णय दिला. पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्ध मिळणारे संरक्षण मात्र कायम असल्याचेही त्याच निकालात सांगितले. आपल्याकडील २०१४ च्या निर्णयाचा भर ओळखीवर, तर या निकालाचा भर शरीरावर. परंतु दोन्ही न्यायालयांना सर्वप्रथम एका शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागला, हे भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावे.

७. समारोप

अशा वादात उतरताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. येथे 'लिंग' किंवा 'स्त्री' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे? ही मर्यादा कशासाठी आखली आहे : प्रतिनिधित्वासाठी, सुरक्षिततेसाठी, आरोग्यासाठी की शारीरिक क्षमतेच्या तुलनेसाठी? आणि तिचा भार कोणावर पडतो? ग्रामपंचायतीतील जागा, भरतीतील उंचीची अट, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची नोंद आणि न्हाणीघराचा आडोसा या चार मर्यादांचे हेतू चार आहेत. एकाच व्याख्येने चारही ठिकाणी न्याय होईल, असे गृहीत धरणे ही या वादातील मोठी चूक आहे. मग ती व्याख्या शरीराची असो वा ओळखीची.

नेमके शब्द मतभेद मिटवीत नाहीत. मतभेद नेमका कोठे आहे, ते दाखवितात. ज्या व्यक्तीबद्दल आपण लिहितो तिचा अवमान न करता आणि ज्या स्त्रीसाठी मर्यादा आखली तिला वाक्यातून न वगळता लिहिणे, ही मराठीच्या विद्यार्थ्याची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. 'मी', 'तू', 'तुम्ही' आणि 'ते' यांची प्रत्येकी दोन वाक्ये लिहून त्यांतून लिंग कळते की नाही ते सांगा.

२. 'लिंगबदल' हा शब्द साळवे यांच्या प्रकरणात कितपत योग्य आहे? आपले मत सकारण मांडा.

३. उपक्रम : आपल्या गावातील किंवा कार्यालयातील कोणताही एक छापील अर्ज घ्या. त्यातील 'लिंग' हा रकाना कोणत्या अर्थाने व कोणत्या हेतूने आहे, तो तेथे आवश्यक आहे का, याविषयी १५० शब्दांत टिपण लिहा.