वजनकाट्याच्या पलीकडे : मुलांची हाडे, स्नायू आणि मेद

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आमच्या शालेय आरोग्य तपासणीच्या कार्डावर उंची आणि वजन असे दोनच रकाने आहेत. वजन बरे भरले की ‘निरोगी’ असा शेरा पडतो. हा शेरा प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकाचे ३.५ किलो भरले. नवल पुढेच आहे. ही तूट स्नायूंत मोठी, त्वचेखालील मेदात मात्र अल्प होती. अंगकाठी बारीक, तरीही मेद राखून ठेवलेला, अशी आपल्या बालकांची घडण जन्मापासूनच आढळली.

याचा हाडांशी संबंध काय, असा प्रश्न माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरालाही पडला होता. आमच्या डॉक्टरांनी समजावले ते असे. हाड केवळ कॅल्शियमने वाढत नाही. स्नायू हाडाला ओढतो आणि त्या ताणाला प्रतिसाद म्हणून हाड रुंद व बळकट होते. स्नायू दुबळा असेल तर हा ताणच पडत नाही. मेदामुळे भार वाढतो, परंतु त्या मानाने हाडाची ताकद वाढत नाही. शिवाय ड जीवनसत्त्व मेदात साठून राहते व रक्तात कमी पडते. स्थूल मुलांत पडल्यावर मनगटाजवळ अस्थिभंग होण्याचे प्रमाण अधिक दिसते ते यामुळेच. हाडांची बहुतांश ठेव विशीच्या आसपास भरून होते. पुढे फक्त खर्च.

पाड्यावरचे मूल डोंगर चढते, परंतु त्याच्या ताटात डाळ पातळ असते. बाजारपेठेच्या गावातील मुलाच्या हाती वेफर्सचे पुडे असतात आणि शाळेला ते रिक्षाने जाते. दोघांचेही स्नायू उपाशीच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम १०. आपल्या वरकस जमिनीवर नाचणी पिकते, हे पालकांनी कृपया ध्यानी घ्यावे. सोबत डाळ, अंडे आणि रोज तासभर मोकळे खेळणे.

देणगीदारांचा ओढा मोठ्या यंत्रांकडे असतो. आमची विनंती तुलनेने लहान आहे : दंडाचा घेर मोजण्याच्या फिती, त्वचेची घडी मोजणारे चिमटे आणि मुठीची ताकद दाखवणारी दोन उपकरणे. कार्डावरील नवे रकाने आम्ही छापून घेऊ.