कुठलं पिंपळगाव? वाट चुकण्याच्या पन्नास वर्षांचा मागोवा

महाराष्ट्रात पिंपळगावांना तोटा नाही. नाशिककडे कांद्याच्या आणि टोमॅटोच्या बाजारासाठी गाजलेलं पिंपळगाव बसवंत, जळगावात पिंपळगाव हरेश्वर, बुलढाण्यात पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे, जुन्नरात धरणाचं पिंपळगाव जोगे. आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनकडे मिरचीच्या बाजाराचं पिंपळगाव रेणुकाई आहे, आणि दक्षिणेला घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला, कुंभार पिंपळगाव. नाव अर्धवट सांगितलं की माणूस भलत्याच गावाला जाऊन पोचायचा आणि रात्रीपुरता तिथलाच पाहुणा व्हायचा. गेल्या पन्नास वर्षांत अशी चूक जवळपास हद्दपार झाली. ती कशी गेली, आणि जाताना सोबत काय घेऊन गेली, ते पाहण्यासारखं आहे.

आधी पत्रांची वाट सरळ झाली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या भाषांतले पत्ते आणि न लागणारं अक्षर, यांमुळे टपाल भरकटत होतं. त्यावर सहा आकड्यांचा तोडगा काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पाकिटावर ४३१ दिसलं की पत्र मराठवाड्याकडे वळणार, नाशिकच्या पिंपळगावाच्या वाटेला ते जाणार नाही. ज्या साली पत्रांना ही शिस्त लागली, त्याच साली मराठवाड्यातली माणसं मात्र दुष्काळानं घराबाहेर काढली होती. दुष्काळी कामांवर खडी फोडून त्यांनीच आपल्या भागातले कित्येक रस्ते घडवले. पुढे १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि पत्त्यातली एक ओळ बदलली; तोवर हा मुलूख औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत वाटलेला होता.

माणसांना मात्र पिनकोडचा उपयोग नव्हता. माणूस एसटीतून फाट्यावर उतरायचा आणि टपरीवर विचारायचा. ते बोलणं साधारण असं चालायचं:

“पाव्हणं, कुन्या पिंपळगावला?”

“कुंभार पिंपळगावला.”

“कुणाकडं?”

हा दुसरा प्रश्न आला म्हणजे वाट सापडलीच म्हणून समजावं. कारण पुढचं उत्तर त्या घरापासून मागे मोजत यायचं. “सरळ जा. कालवा लागंल. पुलाच्या पलीकडं डाव्या हाताला पांदी दिसंल, तिकडं वळू नका, काल पाऊस झालाय, काळं रान हाये, गाडी रुतंल. अन् शाळा लागली तर समजा पुढं गेलात, माघारी फिरा.”

या चार वाक्यांत काय काय आहे ते नीट पाहायला हवं. दिशा आहे, खूण आहे, कालच्या पावसाची खबर आहे. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेवटचं वाक्य. सांगणाऱ्यानं गृहीतच धरलंय की तुम्ही चुकणार, आणि चुकलात हे तुम्हाला कशावरून कळेल तेही त्यानं आधीच सांगून ठेवलंय. वाट दाखवणाऱ्या कुठल्याही रचनेची, मग ती पाटी असो, नकाशा असो की फोन, खरी परीक्षा इथे होते. चुकलेल्याला आपण चुकलो हे कळतं का, आणि तिथून माघारी फिरण्याइतकी समज त्याच्याकडे उरते का?

या भागात वाट चुकण्याची कारणंही बदलत गेली. जायकवाडीच्या नाथसागराचं उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झालं. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी असा जातो, आणि त्यानं या पट्ट्याचा भूगोल नव्यानं लिहिला. पूर्वी सरळ रानातून जाणारी पायवाट आता कालव्याला अडू लागली. पूल कुठे आहे हे माहीत असणं म्हणजेच वाट माहीत असणं झालं. पुढे गोदावरीवर मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे झाले. पाणी आलं तसा ऊस आला. ज्वारीचं रान काढणी झाली की मोकळं होतं. फेब्रुवारी-मार्चात उभं राहिलं की दूरच्या देवळाचं शिखर नजरेत यायचं आणि त्याच्या रोखानं चालता यायचं. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष उभा. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेल्या उसातल्या गाडवाटेनं चालणाऱ्याला फक्त वरचं आभाळ दिसतं. पाण्यानं भरभराट झाली, पण लांबवरच्या खुणा झाकल्या गेल्या.

रात्रीच्या रानात वाट हरवली तर म्हाताऱ्या माणसांचा सल्ला ठरलेला असे: चकवा लागलाय, आता चालू नको, आहेस तिथंच बस, तांबडं फुटलं की निघ. चकव्यात माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर येतो, असं सांगत. याला नुसती भुताटकी म्हणून सोडून देता येत नाही. २००९ मध्ये यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ रेषेत चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ते झाकले गेल्यावर ती खरोखरच गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि आपण वळतोय हे त्यांना जाणवलंही नाही. म्हाताऱ्यांनी भुताचं नाव घेतलं असेल, पण उपाय बिनचूक सांगितला: खूण दिसेपर्यंत पाऊल उचलू नका.

खुणा काढून घेतल्या की माणसाचं काय होतं, हे मराठवाड्यात आठशे वर्षांपूर्वीच कुणीतरी पुरतं ओळखलं होतं. देवगिरीची अंधारी चढून गेलेल्याला ते अंगावर कळतं. खडकातून नेलेला वळणावळणाचा काळोखा मार्ग, उंचीनं सारख्या नसलेल्या पायऱ्या, पाय फसवणारे फाटे. शत्रू आत शिरावा आणि त्याला आपण कुठे आहोत हे कळूच नये, अशी ती बांधणी. वाट चुकवण्यासाठी केलेली ही रचना पाहिली की वाट दाखवण्याची कलाही उलट्या बाजूनं समजते.

मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आधी जागा शंभरेक मीटरनं हुकायची, ती आता काही मीटरांवर आली. २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं, २०१६ मध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं, आणि फाट्यावरचा “कुणाकडं?” हा प्रश्न ऐकू येणं कमी झालं. यात वाईट काहीच नाही असं म्हणणारा माणूस बऱ्याच अंशी बरोबर आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. बाळंतीण अडली असताना चालकानं वाटा धुंडाळत बसावं असं कोण म्हणेल? तिथे सरळ आणि लवकर पोचणं हाच धर्म.

पण फोन एक गोष्ट हळूच काढून घेतो. तुम्ही चुकलात तर तो तुम्हाला थांबवत नाही, मुकाट्यानं नवी वाट आखतो. चूक झाली हेच कळत नाही, मग त्यातून शिकायचं काय? माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या लुईझा दहमानी आणि वेरोनिक बोबो यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची जागा आठवण्याची ताकद कमी दिसली; त्यांतल्या काहींना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा जास्त वापर करणाऱ्यांची घसरणही जास्त होती. लंडनच्या टॅक्सीचालकांवर एलेनोर मग्वायर यांनी २००० साली केलेला अभ्यास याची दुसरी बाजू दाखवतो. हजारो गल्ल्या तोंडपाठ करणाऱ्या त्या चालकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. वाटा डोक्यात वागवल्या की डोकंही त्याला साजेसं घडत जातं.

हे केवळ स्मरणशक्तीपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री कोतूळजवळ पाण्यात गेली. फोननं दाखवलेल्या वाटेवर पूल होता, पण तो धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेला होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा वाचला नाही. धरणाचं नाव पिंपळगाव खांड. धरण भरलं की हा पूल पाण्याखाली जातो, हे कोतुळातलं शाळकरी पोरही सांगू शकलं असतं. “तिकडं वळू नका, काल पाऊस झालाय” हे वाक्य बोलायला त्या रात्री वाटेत कुणी भेटलं नाही, म्हणून एक जीव गेला. मला ती बातमी विसरता येत नाही.

दुसरं टोक समृद्धी महामार्गाचं. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो आमच्या जालन्याच्या अंगानं जातो आणि जालनेकरांच्या कामाचाही आहे. या रस्त्यावर चुकायला जागाच नाही. फाटा नाही, टपरी नाही, समोरून येणारी बैलगाडी नाही. पहिल्याच वर्षात तिथे इतके अपघात झाले की चालकाला येणाऱ्या गुंगीची, महामार्ग संमोहनाची, चर्चा घराघरांत पोचली. वेग, टायर, झोप अशी कारणं अनेक आहेत. पण जिथे निवडायचं काहीच नसतं तिथे डोळे उघडे राहूनही मन झोपी जातं, हे रस्ते आखणाऱ्यांनी मनावर घ्यायलाच हवं.

शहररचनाकार केविन लिंच यांनी १९६० च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं होतं. हरवण्याची भीती माणसाला किती हादरवते हे त्यांनी सांगितलंच, पण थोडा गोंधळ, थोडं आश्चर्य मोलाचं असतं असंही म्हटलं. अट एवढीच की बाहेर पडता येईल याची खात्री हवी, आणि गोंधळ छोट्या भागापुरता, एकूण आकार मात्र डोळ्यांसमोर. म्हणजे भटकायचं, पण मोठी खूण सुटू द्यायची नाही.

कुंभार पिंपळगावाच्या शेजारीच जांब समर्थ आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाला आणि नाशिकजवळ टाकळीला पोचला, ही कथा इथे घरोघरी माहीत. एवढं पोर इतक्या लांब गेलं कसं, याचा विचार करताना मला गोदावरी दिसते. जांबच्या दक्षिणेला जी नदी आहे तीच नाशिकला आहे. प्रवाहाच्या उलट अंगानं काठ धरला तर गावं चुकतील, वाटा चुकतील, पण पंचवटी चुकणार नाही. टाकळीला बारा वर्षं तप करून पुढची बारा वर्षं समर्थ देशभर हिंडले. मुलूख पायाखाली घातल्यावरच त्यांनी कृष्णाकाठी काम मांडलं. ज्या गावात हा माणूस जन्मला, तिथल्या पोरांना आपल्याच शिवाराच्या वाटा ठाऊक नसाव्यात याचं वाईट वाटतं.

कारण त्या वाटा आटत चालल्या आहेत. महसुली गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, सव्वाआठ फूट. प्रत्यक्ष रानात दोन्हींकडून नांगर आत सरकतो आणि पांदीची सरी होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती शेतमाल बाहेर निघावा म्हणून, आणि तो हेतू रास्तच आहे. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला: चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा स्वतःचा पत्ता. आता उसाच्या फडातली झोपडीही कुणाला चुकणार नाही. पण त्या दहा अक्षरांत चिंचेचा मळा नाही, म्हसोबाचं रान नाही, आणि पावसाळ्यात कुठे वळू नये हेही नाही.

ते सारं अजून माणसांच्या तोंडी आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शिवाराचा नकाशा काढावा, तलाठ्याकडच्या तुटक रेषा त्यावर उतरवाव्यात, आणि शाळेच्या पोरांनी एकेका म्हाताऱ्याबरोबर पांदीनं हिंडून रानांची नावं त्यात भरावीत. पुढे गेलात हे कशावरून समजायचं, तेही त्यांनी त्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावं.