पाटीवरचा स्टुडिओ

ट्रॅम एका खडकाळ दरीत येऊन थांबायची. इथे शूटिंगचा सेट लावलाय, सध्या काम बंद आहे, असं गाइड सांगते न सांगते तोच जमीन हादरू लागायची. शेजारचा इंधनाचा टँकर भडकायचा, ज्वाळांची धग गालांना लागायची आणि वरून पाण्याचा लोंढा कोसळायचा. कडेला बसलेले भिजायचे, मुलं किंचाळायची. थोड्याच वेळात सगळं शांत. मग ट्रॅम वळसा घालून त्याच दरीच्या पाठीमागे जायची. तिथे खडक नव्हता. पोलादी सांगाडा होता, टाक्या होत्या, पाइप होते आणि पुढच्या ट्रॅमसाठी चाललेली तयारी होती.

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या तिसऱ्या पार्कचं सगळं तत्त्व या एका दरीत सामावलेलं होतं. आधी फसवायचं, मग कसं फसवलं ते दाखवायचं. नावही त्याला साजेसं होतं: डिस्ने-एमजीएम स्टुडिओज. आज पाटीवर ‘डिस्नेज हॉलिवूड स्टुडिओज’ असं आहे. ट्रॅमची ती सफर २०१४ च्या सप्टेंबरात बंद झाली. सिनेमा बनण्याची जागा म्हणून हे पार्क ओळखलं जाण्याचे दिवस त्याआधीच सरले होते. ‘स्टुडिओज’ हा शब्द मात्र जागचा हललेला नाही. तो हलायला हवा का, हा वाद पार्कच्या चाहत्यांत बरीच वर्षं चालू आहे. एखाद्या जागेचं नाव कशाशी बांधील असतं, हा खरा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

खरं तर हे पार्क होणारच नव्हतं. एपकॉट या शेजारच्या पार्कात सिनेमावर एक दालन उभारावं, एवढाच मूळ बेत होता. १९८४ मध्ये पॅरामाउंट सोडून डिस्नेचे प्रमुख झालेल्या मायकेल आयझनर यांना ही कल्पना एका दालनापुरती ठेवणं पटेना. त्यात युनिव्हर्सल फ्लोरिडात येऊ पाहत होतं आणि त्याच्या आधी पोचायचं होतं. डिस्नेकडे मिकी होता, स्नो व्हाइट होती. पण जुन्या हॉलिवूडचा दिमाख नव्हता. तो उसना आणला गेला. १९८५ मध्ये एमजीएमशी करार झाला आणि त्यांचं नाव व गरजणारा सिंह डिस्नेच्या दारी आले. १ मे १९८९ रोजी पार्क उघडलं. युनिव्हर्सलचं पार्क आलं ते ७ जून १९९० ला.

उसनं नाव लवकरच बोचू लागलं. नाव पार्कसाठी दिलं होतं, खराखुरा स्टुडिओ चालवायला नव्हे, अशी तक्रार घेऊन एमजीएम कोर्टात गेली. कोर्टात डिस्नेचं नाव टिकलं. पण या भांडणातली गंमत आज जास्त जाणवते. तेव्हा आक्षेप होता की हे पार्क नको तेवढं खरं स्टुडिओ आहे. आजचा आक्षेप नेमका उलटा आहे.

आणि ते खरंच स्टुडिओ होतं. साउंडस्टेजवर टीव्हीच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण चालायचं. लहानपणीची ब्रिटनी स्पिअर्स आणि जस्टिन टिंबरलेक ‘मिकी माउस क्लब’साठी इथेच नाचत-गात होती. पण सगळ्यात नवलाचा होता तो अॅनिमेशन विभाग. लांब काचेच्या अलीकडून पर्यटक सावकाश पुढे सरकायचे. पलीकडे चित्रकार तिरप्या, खालून उजेड असलेल्या टेबलांवर वाकलेले असायचे. बोटांत धरलेले तीन-चार कागद फडफडवून हालचाल जमतेय का ते बघायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. मत्स्यालयात मासे बघावेत तशी माणसं त्यांना बघत. ‘मुलान’, ‘लिलो अँड स्टिच’ आणि ‘ब्रदर बेअर’ हे चित्रपट मुख्यतः याच काचेआड घडले. पुढे संगणकाच्या अॅनिमेशनने हाती काढलेल्या चित्रांचा बाजार उठवला. २००४ च्या सुरुवातीला विभाग बंद झाला, अडीचशेच्या आसपास माणसांचं काम गेलं. चित्रपटांचा धंदाही आयझनर यांना वाटलं होतं तसा फ्लोरिडाकडे वळला नाही. तो कॅलिफोर्नियातच राहिला.

आता २००८ च्या नामांतराकडे पाहा. ऑगस्ट २००७ मध्ये घोषणा झाली आणि ७ जानेवारी २००८ पासून ‘एमजीएम’ जाऊन ‘हॉलिवूड’ आलं. तोवर काच रिकामी होऊन चार वर्षं झाली होती. त्याच वर्षी एका जुन्या साउंडस्टेजच्या इमारतीत ‘टॉय स्टोरी’वरची नवी राइड सुरू झाली. म्हणजे बदलायचंच होतं तर बदलायचा शब्द समोर होता. पण काढला गेला तो भागीदाराचा शब्द. ओळख बदलली म्हणून झालेलं हे बारसं नव्हतं, उसनवारी संपवण्याचा व्यवहार होता. मुंबईकर जसे अजून ‘व्हीटी’ म्हणतात, तसे जुने चाहते अजूनही या पार्कला ‘एमजीएम’च म्हणतात.

पुढे पार्कचा कायापालट झाला. डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार आणि २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’वाली लुकासफिल्म विकत घेतली होती, आता त्यांच्या सिनेमांची जगं पार्कात येऊ लागली. २०१५ च्या मार्चमध्ये तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर भागधारकांच्या सभेत सांगून गेले की या पार्कचं नाव बदलणार आहे. पुढे पाहुण्यांपुढे नवी नावं ठेवून त्यांची मतं अजमावली जात असल्याच्या बातम्या आल्या. त्यांत ‘सिनेमॅजिन’सारखी जोडशब्दाची नावंही होती. शेवटी काहीच बदललं नाही. २०१९ मध्ये तिसाव्या वाढदिवसाला नवं बोधचिन्ह आलं, नाव तेच राहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्टार वॉर्स: गॅलेक्सीज एज’ हा चौदा एकरांचा भाग उघडला. इथे तुम्ही बाटू नावाच्या ग्रहावर असता. कर्मचारी तुम्हाला ‘प्रवासी’ समजतात आणि ‘ब्राइट सन्स’ म्हणून रामराम करतात. स्वच्छतागृहाला ‘रिफ्रेशर’ म्हणतात. कोकाकोलाची बाटलीसुद्धा चेंडूसारखी गोल, सिनेमातल्या बाँबच्या घाटाची आणि तिच्यावरची अक्षरं ऑरबेश या परग्रही लिपीतली. घाट इतका हुबेहूब की अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याने आधी ही बाटली सामानात न्यायला मनाई केली आणि मग मागे घेतली. इथे मागे नेऊन पोलादी सांगाडा दाखवणारी ट्रॅम नाही. कुणी दाखवलाच तर सगळा डाव मोडेल.

फरक इथे आहे. जुनं पार्क सांगत होतं, सिनेमा कसा बनतो ते या, बघा. नवं पार्क सांगतं, सिनेमातच या. पहिल्यात पडद्यामागची बाजू हाच माल होता, दुसऱ्यात ती झाकणं हीच कारागिरी. दोन्ही कामं अवघड आहेत, पण ती एकमेकांची उलट आहेत आणि ‘स्टुडिओ’ हा शब्द त्यांतल्या पहिल्याच कामाचा आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हणणार नाही; हातातला वाळा नक्कीच भारी आहे. पण नाव त्या वाळ्याचं नाही.

नाव बदलूच नये, असं म्हणणाऱ्यांची बाजूही लंगडी नाही. पाट्या, नकाशे, बसवरची अक्षरं, गणवेश, दुकानातला माल, सगळं बदलावं लागतं. शिवाय नाव टिकलं तर अर्थ मागाहून जुळवून घेतो. शेजारचं एपकॉटच बघा. ते नाव वॉल्ट डिस्नेच्या मनातल्या भविष्यातल्या प्रायोगिक शहराची आद्याक्षरं आहेत. १९६६ मध्ये ते गेले, शहर वसलं नाही, १९८२ मध्ये पार्क उघडलं. आज ती आद्याक्षरं फोडून कुणी अर्थ लावत बसत नाही. एपकॉट म्हणजे एपकॉट.

पण एपकॉट हा घडवलेला शब्द आहे, म्हणून त्याला ही सवलत मिळते. ‘स्टुडिओ’ला रोजच्या वापरातला अर्थ आहे, तो असा पुसून जात नाही. पॅरिसमधल्या ‘वॉल्ट डिस्ने स्टुडिओज पार्क’चं हेच दुखणं होतं. त्याचं नाव ‘डिस्ने अॅडव्हेंचर वर्ल्ड’ होणार, हे डिस्नेने २०२४ मध्ये जाहीर केलं. आपल्या खोपोलीजवळचं ‘अॅडलॅब्ज इमॅजिका’ही असंच सुटसुटीत झालं. अॅडलॅब्ज हे मूळचं फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव, ते गळून पडलं आणि ‘इमॅजिका’ या घडवलेल्या शब्दाचं काही अडलं नाही.

हॉलिवूड स्टुडिओजच्या नावातला ‘हॉलिवूड’ मात्र राहावा. पार्कात शिरताना लागणारा रस्ता तिसाच्या-चाळिसाच्या दशकातल्या हॉलिवूडचा देखावा आहे, पण असं हॉलिवूड प्रत्यक्षात कधी नव्हतंच. आयझनर यांनी उद्घाटनाच्या वेळीच ते मोकळेपणाने कबूल केलं होतं: हे नकाशावरचं गाव नाही, मनातलं आहे. मनातल्या गावात बाटू ग्रह खुशाल मावतो. म्हणजे दोन शब्दांपैकी जो पहिल्या दिवसापासून काल्पनिक होता, तो आजही खरा आहे. आणि जो तेव्हा खरा होता, तो आज काल्पनिक झाला आहे.

पार्कात एक उंच पाण्याची टाकी होती, वर मिकीचे दोन काळे कान लावलेली. जुन्या स्टुडिओंत लाकडी सेटना आग लागली तर पाणी हवं म्हणून अशा टाक्या असत, पुढे त्याच स्टुडिओची खूण बनल्या. इथल्या टाकीत पाणी नव्हतं, ती फक्त खूण होती. २०१६ मध्ये ती पाडली. दाराच्या पाटीवर तिचा एक जोडीदार शब्द अजून उभा आहे, तसाच उंच आणि तसाच कोरडा.