प्रत्येक वयाचा वुडहाऊस

काही लेखक एका वयाचे असतात. शाळेत त्यांना डोक्यावर घ्यावं आणि पुढे त्यांची आठवण तेवढी जपावी. काहींकडे पोचायला वय व्हावं लागतं. पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाऊस हा या दोन्ही रकान्यांत न बसणारा लेखक आहे. मी त्याला शाळा संपता संपता वाचायला लागलो आणि अजून वाचतो आहे. दर काही वर्षांनी तीच पुस्तकं पुन्हा हाती घेतो आणि दर वेळी त्यांतलं निराळंच काहीतरी पुढे येतं.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१चा, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा. मृत्यू १४ फेब्रुवारी १९७५ रोजी, अमेरिकेत. ९३ वर्षांच्या आयुष्यात त्याने ९०हून अधिक पुस्तकं लिहिली. शिवाय ब्रॉडवेच्या संगीतिकांसाठी गाणी लिहिली, नाटकं आणि चित्रपटांचं लेखन केलं. बर्टी वूस्टर आणि त्याचा सेवक जीव्ह्ज, ब्लँडिंग्ज कॅसलचे लॉर्ड एम्सवर्थ आणि त्यांची डुकरीण, ड्रोन्स क्लबातले रिकामटेकडे तरुण अशी एक अख्खी वस्ती त्याने वसवली. भारतात या वस्तीला पिढ्यान् पिढ्या वाचक मिळाले. रेल्वे स्टेशनांवरचे बुकस्टॉल, कॉलेजांची ग्रंथालयं, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग, सगळीकडे तो भेटायचा. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात तर विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाची सोसायटी चालवली.

हलकंफुलकं लिहिणारा लेखक इतकी वर्षं का पुरतो, हे मला इथे सांगायचं आहे.

सोळाव्या वर्षी : गोंधळ

त्या वयात वुडहाऊस वाचायचा तो गोंधळासाठी. ‘राइट हो, जीव्ह्ज’ (१९३४) या कादंबरीतला बक्षीससमारंभ घ्या. गसी फिंक-नॉटल हा कमालीचा बुजरा तरुण. न्यूट नावाचे सरड्यासारखे दिसणारे छोटे उभयचर प्राणी पाळणं आणि संत्र्याचा रस पिणं यापलीकडे त्याचं जग नाही. मार्केट स्नॉड्सबरीच्या शाळेत बक्षिसं वाटण्याचं काम खरं तर बर्टीच्या गळ्यात पडलेलं असतं, तो ते शिताफीने गसीकडे सरकवतो. गसीला धीर यावा म्हणून बर्टी त्याच्या रसात गुपचूप जिन ओततो. जीव्ह्जनेही त्याला न सांगता तेच केलेलं असतं. आणि या दोघांना पत्ता नसतो की गसीने स्वतःच्या हिमतीवर आधीच व्हिस्की रिचवली आहे. असा हा गसी व्यासपीठावर उभा राहतो, पाहुण्यांची चंपी करतो आणि बायबलच्या ज्ञानासाठी बक्षीस मिळवलेल्या मुलावर भर सभेत कॉपीचा आळ घेतो.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये तासन् तास पाहुण्यांची भाषणं ऐकलेल्या मुलाला हा प्रसंग किती आपला वाटतो, हे सांगायला नको. इंग्लंड पाहिलेलं नसतं, कंट्री हाउस म्हणजे काय हे ठाऊक नसतं, निम्मे शब्द अडतात. तरी पोट धरून हसू येतं. बर्टीच्या आत्या तर थेट ओळखीच्या. डेलिया आत्या रागावते तीही प्रेमाने, आणि अगाथा आत्यासमोर बर्टीची बोबडी वळते. भरल्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला या दोघी समजावून द्याव्या लागत नाहीत.

विशीत : वाक्य

कॉलेजात इंग्रजी वाचन वाढलं की तीच पानं बोलायला लागतात. बर्टीच्या निवेदनात शेक्सपियर, कीट्स, टेनिसन, बायबल, लॅटिन सुभाषितं सतत डोकावतात, बहुतेक वेळा अर्धवट आठवलेली. उरलेला अर्धा भाग जीव्ह्ज नम्रपणे पुरवतो. ज्याने कीट्स वाचलेला नाही त्याला तिथे नुसतं गमतीशीर वाक्य दिसतं. ज्याने वाचला आहे, त्याला एखादी उदात्त ओळ न्याहारीच्या टेबलावर येऊन बसलेली दिसते. आपण जितकं वाचत जातो तितका वुडहाऊस वाढत जातो.

ही तयारी त्याने कमावली डलिच कॉलेज या लंडनच्या शाळेत. १८९४ ते १९०० ही तिथली वर्षं तो पुढे जन्मभर सर्वांत सुखाची मानत राहिला. ग्रीक आणि लॅटिन तो तिथे कसून शिकला. त्याचं वाक्य कितीही लांबलं तरी तोल जात नाही, याचं मूळ या शिस्तीत आहे.

पहिल्या नोकरीत : बँक

डलिचनंतर त्याला ऑक्सफर्डला जायचं होतं, पण ते झालं नाही. वडील हाँगकाँगमध्ये न्यायदंडाधिकारी होते आणि त्यांचं निवृत्तिवेतन रुपयांत मिळे. पौंडाच्या तुलनेत रुपया घसरला की घरचं गणित कोलमडायचं. थोरला भाऊ आर्मिन ऑक्सफर्डला गेला, धाकट्यासाठी पैसे उरले नाहीत. पुढे हाच आर्मिन थिऑसॉफीच्या ओढीने भारतात आला, त्याने तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींना शिकवलं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. पुण्याच्या मुलांना एक वुडहाऊस वर्गात इंग्रजी शिकवत होता, त्याच काळात दुसरा लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये जीव्ह्ज लिहीत होता.

धाकटा १९००मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत चिकटला. दिवसा टपाल आणि खातेवह्या, रात्री लेखन. दोन वर्षांत त्याने नोकरी सोडली आणि १९०२मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. या अनुभवाची कादंबरी म्हणजे ‘स्मिथ इन द सिटी’ (१९१०). वडिलांचे पैसे बुडाल्याने केंब्रिज हुकलेला माइक एका बँकेत लागतो, आणि तिथे त्याला भेटतो स्मिथ, आपल्या नावाआधी न उच्चारायचं ‘पी’ हे अक्षर लावून घेणारा, कुठल्याही साहेबापुढे न बिचकणारा.

स्वतः नोकरीला लागल्यावर हे पुस्तक वाचावं. बाहेर क्रिकेटचा हंगाम चालू आहे आणि आपण लेजरपुढे बसलो आहोत, ही माइकची कळ तेव्हा जीवाला लागते. वुडहाऊसला खरं जग ठाऊक नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. मनाजोगतं न मिळणं म्हणजे काय, हे त्याला एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं. त्याबद्दल कुरकुर करायची नाही, हेही बहुधा त्याने तेव्हाच ठरवलं.

चाळिशीत : मेहनत

आपल्यालाही कामाचा अनुभव झाला की दुसऱ्याची मेहनत डोळ्यांत भरते. गसीचा प्रसंग या वयात पुन्हा वाचला, तेव्हा मी हसता हसता थांबून मागची पानं उलटायला लागलो. जिन कधी आली, रसाचा जग कुठे ठेवला, कोणाला काय माहीत आणि काय नाही, प्रत्येक गोष्ट कितीतरी आधी, सहज बोलल्यासारखी पेरून ठेवली आहे. बर्टी, जीव्ह्ज आणि गसी हे तिघे एकमेकांना न सांगता तेच करतात, पण प्रत्येकाचं कारण त्याच्या स्वभावातून आलेलं आहे. योगायोग वाटतो तो कारागिरीचा भाग आहे.

कादंबरी लिहायला बसण्याआधी त्याची सुमारे ४०० पानांची टिपणं तयार असत. कथानक पूर्ण जुळल्याशिवाय तो पहिलं वाक्य लिहीत नसे. लिहिलेली पानं भिंतीवर टाचून ठेवायची आणि मनासारखं उतरलेलं पान वरच्या ओळीत सरकवायचं, अशी त्याची एक पद्धत सांगितली जाते. आपल्या कादंबऱ्या म्हणजे संगीताशिवायच्या संगीतिका, असं त्याचं मत होतं. नाटककार गाय बोल्टन आणि संगीतकार जेरोम कर्न यांच्याबरोबर त्याने ब्रॉडवेवर जी वर्षं घालवली, त्यांचा हा परिणाम. कोण कधी आत येणार, कोण कधी बाहेर जाणार, कुठल्या अंकात कोणाला मोकळं ठेवून चालणार नाही, याचा त्याचा हिशोब नाटकवाल्याचा आहे. संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या वाचकांना ही जातकुळी लगेच उमगेल.

अंधाराची वर्षं

याच टप्प्यावर त्याचं चरित्र वाचलं की पुस्तकांकडे पाहण्याची नजर बदलते. १९४०च्या मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समधल्या ल तुके या गावी पोचल्या. वुडहाऊस आणि त्याची पत्नी एथेल तिथेच राहत होते. त्याला पकडून आधी लूसच्या तुरुंगात, मग बेल्जियममध्ये लिएजच्या बराकींत आणि ह्युईच्या गढीत, आणि शेवटी सायलेशियातल्या टोस्ट इथे वेड्यांच्या इस्पितळात थाटलेल्या छावणीत ठेवलं. तिथल्या गर्दीत बसून त्याने ‘मनी इन द बँक’ ही कादंबरी लिहिली.

जून १९४१मध्ये, साठी पुरी व्हायला काही महिने असताना, त्याची सुटका झाली. त्यानंतर बर्लिनच्या रेडिओवरून त्याने अमेरिकी वाचकांसाठी पाच भाषणं केली. छावणीतल्या दिवसांबद्दलची, खेळकर सुरातली. त्यांत नाझींची भलामण नव्हती. पण बॉम्बवर्षाव सोसणाऱ्या ब्रिटनला तो सूर सहन होणं शक्य नव्हतं. बीबीसीवरून पत्रकार विल्यम कॉनरने त्याला देशद्रोही ठरवलं, काही ग्रंथालयांनी त्याची पुस्तकं काढून टाकली. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या मेजर कसेनने १९४४मध्ये त्याची चौकशी केली आणि खटला भरण्याजोगं काही निघालं नाही. १९४५मध्ये जॉर्ज ऑर्वेलने त्याची बाजू घेणारा निबंध लिहिला. हा माणूस भोळा ठरला, फितूर नव्हे, असं त्याचं म्हणणं. माझंही मत तेच आहे. ज्याने १९३८च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये काळ्या चड्ड्या घातलेल्या टोळीचा पुढारी रॉडरिक स्पोड उभा करून ब्रिटिश फॅसिस्टांची रेवडी उडवली, त्याला त्या विचारांची ओढ होती असं म्हणणं पटत नाही.

याच वर्षांत त्याची लाडकी सावत्र मुलगी लिओनोरा गेली, १९४४मध्ये, चाळिशीत. दूर पॅरिसमध्ये असलेल्या वुडहाऊसला तिचं शेवटचं दर्शनही घडलं नाही. १९४७मध्ये तो अमेरिकेला गेला आणि इंग्लंडला पुन्हा कधीच परतला नाही.

आणि या सगळ्यातून आलेली पुस्तकं कोणती? ‘जॉय इन द मॉर्निंग’ (१९४६) आणि ‘फुल मून’ (१९४७). त्याच्या उत्तम, निर्मळ पुस्तकांत मी त्यांची गणना करतो. कडवटपणाचा एक थेंबही त्यांत नाही. विशीत वाटतं की वुडहाऊस आनंदी होता म्हणून आनंदी लिहायचा. चाळिशीनंतर कळतं की आनंद हा त्याने पत्करलेला धर्म होता. बाहेर काहीही होवो, रोज सकाळी टेबलाशी बसायचं आणि तो निभवायचा.

पन्नाशीनंतर : एम्सवर्थ

तरुणपणी बर्टीच्या मागे धावताना लॉर्ड एम्सवर्थ विसराळू म्हातारा म्हणून बाजूला राहतो. पन्नाशी उलटली की तो नायक होतो. त्याला फक्त आपली बाग आणि एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज ही बक्षीसपात्र डुकरीण यांच्यात राहू द्यावं, एवढंच त्याचं मागणं. बहीण लेडी कॉन्स्टन्स आणि माळी मॅकॲलिस्टर त्याला ते मिळू देत नाहीत.

‘लॉर्ड एम्सवर्थ अँड द गर्ल फ्रेंड’ ही १९२८ची कथा मला आता त्याच्या सगळ्या लेखनात मोलाची वाटते. कॅसलच्या मैदानात गावजत्रा भरली आहे. कडक कॉलर आणि टॉप हॅटने घुसमटलेला, भाषण करायचं म्हणून धास्तावलेला एम्सवर्थ एका शेडमध्ये लपायला जातो. तिथे त्याला ग्लॅडिस सापडते, लंडनच्या गरीब वस्तीतून हवापालटासाठी आलेली मुलगी. तिच्या भावाने लेडी कॉन्स्टन्सच्या पायाला चावा घेतल्याने त्याचा चहा बंद झाला आहे. त्याच्यासाठी खाऊ लपवून नेताना ही पकडली गेली, म्हणून शिक्षा भोगते आहे. तिने स्वतः काही खाल्लेलंच नाही, कारण आपला वाटा भावाला द्यायचा होता. एम्सवर्थ तिला घरात नेऊन पोटभर खाऊ घालतो, भावासाठी टोपली भरायला सांगतो आणि बागेतली फुलं तोडायची परवानगी देतो. माळी संतापून धावत येतो. ग्लॅडिस घाबरते आणि आपला छोटा हात एम्सवर्थच्या हातात सरकवते. जन्मभर सगळ्यांना भिणारा हा माणूस त्या क्षणी ताठ उभा राहतो. माळ्याला सुनावतो, मग बहिणीलाही.

लहानपणी ही गोष्ट गोड वाटते. कोणाचा तरी हात हातात आल्यावर आपण किती भित्रे होतो आणि तरी कसे उभे राहिलो, हे अनुभवलेल्या माणसाला तिच्यात धैर्याची अचूक व्याख्या दिसते.

वुडहाऊसने म्हाताऱ्यांना दिलेला मान इतरत्रही दिसतो. एम्सवर्थचा भाऊ गॅलहॅड तरुणपणी सगळे नियम मोडून बसलेला, आणि तरी प्रेमात अडलेल्या पोरांची वाट तोच मोकळी करतो. अंकल फ्रेड, म्हणजे लॉर्ड इकनहॅम, उतारवयातही पुतण्याची भंबेरी उडवत लंडनभर हिंडतो. या दोघांच्या कथांत वय म्हणजे निरोप नसून मोकळीक आहे. लेखकाने स्वतः ते करून दाखवलं. ‘आन्ट्स आर्न्ट जेंटलमन’ ही जीव्ह्जची शेवटची कादंबरी १९७४ची, म्हणजे वयाच्या ९३व्या वर्षाची. १९७५च्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्याला सर ही पदवी मिळाली, मातृभूमीशी झालेल्या दुराव्यावरची फुंकर. पुढच्याच महिन्यात तो गेला, तेव्हा ब्लँडिंग्जचीच एक कादंबरी अपुरी राहिली होती.

कुठून सुरुवात करावी

नवख्या वाचकाने कथांपासून सुरुवात करावी. जीव्ह्जच्या कथा आधी, मग ‘राइट हो, जीव्ह्ज’ आणि ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’. नोकरीत गुदमरणाऱ्याने स्मिथ घ्यावा, ‘लीव्ह इट टू स्मिथ’ (१९२३) तर अवश्य, कारण त्यात स्मिथ थेट ब्लँडिंग्जला पोचतो. लिहिणाऱ्याने ‘परफॉर्मिंग फ्ली’ (१९५३) हा मित्राला लिहिलेल्या पत्रांचा संग्रह चाळावा, कथानक कसं जुळवतात याचं ते उत्तम शिक्षण आहे. उतारवयात ‘समर लाइटनिंग’ (१९२९) आणि ‘हेवी वेदर’ (१९३३) लागोपाठ वाचावीत. सुरुवातीच्या काळातली बरीच पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात.

आणि ज्यांनी त्याला कॉलेजात वाचून कपाटात ठेवलं आहे, त्यांना माझा आग्रह आहे की तेच पुस्तक या दिवाळीत पुन्हा काढा. रहस्यकथेचा शेवट कळला की ती संपते. वुडहाऊसच्या पुस्तकाचा शेवट पहिल्या पानापासूनच ठाऊक असतो, सगळं ठीकच होणार असतं. म्हणून त्याला पुनर्वाचनाने काही तोटा होत नाही. उलट आपल्या गाठीशी जेवढं आयुष्य जमलेलं असेल, तेवढं त्याच्या पानांतून अधिक मिळतं.