कॅप्टनबाई, आम्हाला विचारलं का?

मैत्रिणींनो, बचत गटाची बैठक आणि अंतराळयान यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण थोडं ऐका.

माझं माहेर धुळ्याचं. आमच्या गल्लीत एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही इंग्रजी मालिका लागायची. ओ की ठो कळायचं नाही, पण कॅप्टन कर्क शत्रूच्या अंगावर धावून गेला की आम्ही पोरंटोरं टाळ्या पिटायचो. पुढे 1998 मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आलं. त्यात आपला मिलिंद सोमण! तोही तसाच, संकट आलं की सगळ्यात पुढे. कॅप्टन म्हणजे असाच असतो, असं माझ्या मनात पक्कं बसलं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलगी पुण्याहून जळगावला घरी आली. ती मोबाइलवर स्टार ट्रेकच्या जुन्या-नव्या सगळ्या मालिका बघायची. पापड लाटता लाटता मीही बघू लागले. अडलं की ती समजावून सांगायची.

तेव्हा लक्षात आलं, कर्क नुसता मारामारीवाला नाही. त्याच्या एका बाजूला हिशेबी स्पॉक, दुसऱ्या बाजूला मनाने विचार करणारा डॉक्टर मॅकॉय. दोघांना तो भांडू देतो, ऐकून घेतो आणि मग स्वतः ठरवतो. एक खोड मात्र वाईट. संकटाच्या ठिकाणी यान सोडून स्वतःच खाली उतरणार. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जावं, तसं!

त्याच्या नंतरचा पिकार्ड. त्याची मालिका 1987 ते 1994 ची. हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो, प्रत्येकाला विचारतो, आणि ग्रहावर बहुतेक वेळा हाताखालच्या रायकरला पाठवतो. स्वतः चहा पीत विचार करतो. सासरे असावेत तर असे, असं मी मुलीला म्हटलं, तर ती किती तरी वेळ हसत होती.

आणि बायका? जुन्या मालिकेचा शेवटचा भाग 1969 चा. त्यात एक बाई कर्कच्या शरीरात शिरते, कारण बाईला यानाची कॅप्टन होता येत नाही हे तिचं दुःख! मालिकेची मुख्य कॅप्टन म्हणून बाई बसायला 1995 साल उजाडलं. तिचं नाव कॅथरीन जेनवे, काम केलं केट मलग्रू यांनी. आपल्याकडे पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना देणारी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. म्हणजे कायद्यात तरी आपण दोन वर्षं पुढे होतो. खुर्चीच्या मागे उभं राहून कोण बोलतं, तो विषय पुन्हा कधीतरी.

या जेनवेबाईंनी मला धरून ठेवलं. त्यांचं यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. परत यायला पंचाहत्तर वर्षं लागणार. यानावर सुमारे दीडशे माणसं, त्यात काही ज्यांना पकडायला निघाले होते तेच बंडखोर. बाई बंडखोरांच्या पुढाऱ्यालाच आपला उपकप्तान करतात. दोन घरची माणसं एका चुलीवर आणायची म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको. जेवण बनवणाऱ्या यंत्राला वीज फार लागते, म्हणून त्याचं रेशनिंग होतं, स्वयंपाकघर सुरू होतं. बाईंना कॉफीचं भारी वेड, पण त्याही मन मारतात. हे बघताना मला आमची आजी आठवली. दुष्काळात ती सगळ्यांची ताटं वाढून मग भांड्यात किती उरलंय ते बघायची.

पण मुळात ते अडकले कसे? घरी नेऊ शकेल असं एक यंत्र त्यांच्या हाताशी होतं. ते तसंच सोडलं असतं तर दांडग्यांच्या हाती पडून एका दुबळ्या जमातीचा जीव गेला असता. बाईंनी ते उडवून टाकलं. बंडखोरांमधली एक मुलगी विचारते, आमच्या सगळ्यांच्या वतीने ठरवणारी ही कोण? तर तिचाच पुढारी सांगतो, ती कॅप्टन आहे.

पुढे 1999 च्या भागांत असंच अडकलेलं दुसरं यान भेटतं. त्याचा कॅप्टन लवकर घरी पोचायला म्हणून परक्या जिवांना मारून त्यांचं इंधन करत असतो. त्यामुळे जेनवेबाई चुकल्या असं मला म्हणवत नाही. तरी त्या मुलीचा प्रश्न मला टोचत राहिला. कारण मीही तेच केलं होतं.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. बिबडे, केळीचे वेफर्स करतो. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी दिवाळीआधी एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली. अट अशी, की तळायचं स्वस्त पामतेलात आणि पाकिटावर छापायचं शेंगदाणा तेल. मी अध्यक्ष. फोनवरच नाही म्हणून टाकलं आणि बैठकीत अभिमानाने सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, “तुमनं बरोबर शे ताई. पन आमले इचारं का नही?”

मुलाच्या आयटीआयची फी तिने त्या ऑर्डरवर धरली होती. मला काही माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, विचारलंच नव्हतं. ‘मी अध्यक्ष आहे’ हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, एवढं मात्र बरं केलं.

यंदा तशीच ऑर्डर पुन्हा आली, व्यापारी दुसरा. यावेळी सगळ्यांना माझ्या ओट्यावर बसवलं. दोघी तर म्हणाल्या, सगळेच करतात, आपण केलं तर काय बिघडलं? मला राग आला, पण मी गप्प बसले. वाद दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी तिनेच, त्या आयटीआयवालीने, हिशेब मांडला. माल कमी द्यायचा, पण खऱ्या शेंगदाणा तेलात, आणि तेलाच्या भावातला फरक व्यापाऱ्याकडून घ्यायचा. हे मला एकटीला सुचलं नसतं. दोघींपैकी एक तरीही राजी नव्हती. तिचा विरोध तिच्या शब्दांत वहीत लिहून घेतला.

व्यापाऱ्याला निरोप दिलाय. त्याचा फोन अजून आलेला नाही.