गोदावरीत होडी, पण पैठणपासून नाही

आमच्या बजाजनगरच्या नळाला नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचं, पाणी येतं. सुट्टीच्या दिवशी पैठणला धरणावर उभा राहिलो की एकच विचार येतो: इथून स्वतःची होडी घेऊन थेट राजमहेंद्रीला का जाता येऊ नये? जायकवाडीला पाणी सोडायचे 27 दरवाजे आहेत. होडी उतरवायला लॉक नाही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद. वर चढायचं तर खालच्या दारातून होडी आत घ्यायची, दार लावायचं आणि वरच्या बाजूची झडप उघडायची. पाणी आपोआप भरतं, पंप लागत नाही. होडी वर चढते तसा भिंतीच्या खुंट्याला अडकवलेला दोर ओढून घ्यावा लागतो. दोन्हीकडचं पाणी समपातळीत आलं की वरचं दार उघडतं. त्याआधी दहा जणांनी जोर लावला तरी हलत नाही.

गोदावरीला हे नवं नाही. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांनी 1852 साली पूर्ण केलेल्या, राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यात लॉक होती. पुढे वऱ्हाडचा कापूस न्यायला वर्धा नदीपर्यंत बोटी आणायचं ठरलं. दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि आपल्या गडचिरोलीतलं देवलमरी, असे तीन खडकाळ टप्पे आड येत होते. तेवढ्यात 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि पुढे जलमार्गाचं काम अर्धवटच सोडलं गेलं. मला याची फार हळहळ वाटते. गंगेवर फरक्क्याला आजही लॉकमधून जहाजं जातात. गोदावरीवर नवा बंधारा बांधताना एका लॉकची जागा तरी ठेवावी.